घरभरणीची भेटयादी: कधी करावी, कुणाला दाखवावी आणि कधी मिटवावी

घरसामानाच्या एका मोठ्या दुकानात मी गिफ्ट रजिस्ट्रीच्या टेबलावर बसते. नव्या घरात राहायला जाणारी माणसं येतात, काय काय हवंय ते सांगतात, मी ते यादीत चढवते. मग त्यांचे पाहुणे येतात आणि त्याच यादीतली एखादी वस्तू निवडून पैसे भरतात. त्यामुळे एकाच घरभरणीच्या दोन्ही बाजू माझ्यासमोर येतात. यजमान विचारतात, "यादी केली तर लोकांना वाईट नाही ना वाटणार?" आणि थोड्याच दिवसांनी त्यांचेच पाहुणे त्याच खुर्चीत बसून आवाज खाली करून विचारतात, "यातलंच द्यायला हवं का हो?"

दोघांनाही मी जे सांगते ते असं. "काय आणू?" असं कुणी विचारलं, तर त्याला द्यायचं उत्तर म्हणजे यादी. न विचारता हातात ठेवली की ती बिलासारखी दिसते. पुढचे बहुतेक शिष्टाचार यातूनच निघतात.

यादी करावी का?

लग्नाच्या यादीचे नियम घरभरणीला जसेच्या तसे लावू नका. ही पद्धत मुळात लग्नासाठीच निघाली. १९२४ साली शिकागोच्या मार्शल फील्ड्स या डिपार्टमेंट स्टोअरनं ती सुरू केली. वधूवरांनी चिनी मातीच्या, चांदीच्या आणि काचेच्या भांड्यांची कोणती नक्षी निवडली आहे हे नातेवाइकांना कळावं, एवढाच तिचा हेतू होता. एकीनं निळ्या काठाच्या बशा दिल्या आणि दुसरीनं सोनेरी, तर संच पुरा व्हायचा कसा? १९९३ मध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीनं ग्राहकाला स्वतःच वापरता येईल अशी इलेक्ट्रॉनिक यादी आणली. नंतर सगळं फोनवर आलं आणि यादी करणं इतकं सोपं झालं की करावी की नाही हा विचारच मागे पडला.

तो विचार करा. लग्नाला भेट देणं बहुतेकांनी गृहीत धरलेलं असतं. घरभरणीला माणसं घर बघायला येतात. काही आणलं तर छान, नाही आणलं तर त्यात काही गैर नाही. म्हणून घरभरणीची यादी केलीच तर लहानसहान वस्तूंची असावी, आणि मुळात नसली तरी चालतं.

पहिलंच घर असेल, फार लांबून दोन बॅगा घेऊन आला असाल, आगीत किंवा पुरात सामान गेलं असेल, घटस्फोटानंतर नव्यानं घर लावत असाल, तर जरूर करा. घर भाड्याचं आहे म्हणून संकोचू नका, चमचे भाड्याच्या घरातही लागतात. एकट्या राहणाऱ्यांना तर मी आग्रहानं सांगते. लग्न करणाऱ्याला अख्खं गोत संसार मांडून देतं आणि एकट्या माणसानं मात्र सगळं स्वतःच्या पगारातून घ्यायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

उलट, लग्नाच्या यादीतून घर भरून अजून दोन वर्षंही झाली नसतील, तर त्याच लोकांपुढे पुन्हा यादी ठेवू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या घरात जाताना फक्त जुनं काढून नवं आणायचं असेल, तर तेही स्वतःच घ्यावं.

यादीत काय असावं

घर ताब्यात येण्याआधी यादी करू नका. जरा राहून बघा. कोणत्या खोलीत उजेड कमी पडतो, टॉवेल टांगायला काही आहे की नाही, माळ्यावरचं काढायला शिडी लागते का, हे राहिल्याशिवाय कळत नाही. दुकानात उभं राहून केलेल्या यादीत हमखास अशी यंत्रं येतात जी नंतर खोक्यातच राहतात.

वस्तू लिहायची तर पूर्ण लिहा. "पडदे" हा शब्द एकटा काही कामाचा नाही. दांड्यापासून जमिनीपर्यंतची उंची आणि दांड्याची रुंदी, दोन्ही हवीत. चुण्या नीट पडायच्या तर कापड दांड्याच्या दीडपट ते दुप्पट रुंद लागतं, तेव्हा "एकूण कापड इतकं" असं लिहिलंत तर पाहुण्याला गणित करावं लागणार नाही. इलॅस्टिकची चादर हवी असेल तर गादीची लांबी-रुंदी लिहून लोक थांबतात, जाडी विसरतात, आणि मग चादर कोपऱ्यातून सुटत राहते. दिवा हवा असेल तर बल्बची टोपी पिनांची आहे की पेचाची, ते सांगा. शेगडी इंडक्शनची असेल तर भांड्यांपुढे "तळाला चुंबक चिकटणारंच" असं स्पष्ट लिहा. नाहीतर कुणीतरी प्रेमानं सुंदर ॲल्युमिनियमचं पातेलं आणेल आणि तुमच्या शेगडीवर ते तापणारच नाही. पायपुसण्याच्या बाबतीत दार आत उघडतं का आणि खाली किती फट आहे, ते बघा. जाड पायपुसणं अडकून दार अर्धंच उघडणारी घरं मी पुष्कळ ऐकली आहेत.

संच फोडून लिहा. सहा बशांचा संच एक वस्तू म्हणून टाकलात तर तो घेणारा एकच माणूस सापडतो, आणि बहुधा तोही सापडत नाही. तीच बशी संख्या सहा अशी टाका. कुणी एक घेईल, कुणी दोन. मूळ पद्धतीचा सगळा फायदा यातच होता.

निम्म्याहून जास्त यादी अशी हवी, की तुमच्या पाहुण्यांमध्ये जो अजून शिकतोय किंवा ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे, तोही दोनदा विचार न करता काहीतरी निवडू शकेल. भाज्या चिरायची पाटी, मोजमापाचे कप, कपडे वाळत घालायचे चिमटे, हुक, डबे, टॉवेल. मधल्या किमतीच्या काही. महागडी वस्तू एक, फार तर दोन, आणि त्यांच्यापुढे "चारपाच जणांनी मिळून" असं लिहिलेलं.

आता माझा लाडका भाग. कुणीही लिहीत नाही आणि सगळ्यांना लागतात अशा वस्तू टाका: घडीची शिडी, स्क्रूड्रायव्हरचा संच, मोजपट्टी, बॅटरी, प्रथमोपचाराची पेटी, धुराचा अलार्म, घरगुती अग्निशामक. "भेट म्हणून अग्निशामक?" असं म्हणून यजमान हसतात. पण ज्या पाहुण्यांना भांड्याकुंड्यांतलं ओ की ठो कळत नाही, ते नेमके याच वस्तूंवर झडप घालतात. त्यांना आपण काहीतरी उपयोगी दिल्याचं समाधान मिळतं, आणि ते खोटंही नसतं.

चित्रं, शोभेच्या वस्तू, मूर्ती, फुलदाण्या यादीत नकोत. तिथं पाहुण्याला स्वतःची आवड चालवायची असते, ती जागा त्याच्यासाठी मोकळी राहू द्या. शिवाय "फक्त हाच ब्रँड, फक्त हाच रंग" असं प्रत्येक ओळीला लिहू नका. जिथं रंग खरोखर चालतो तिथं "कोणताही रंग चालेल" लिहिलंत की वाचणाऱ्याचा ताण निम्मा होतो.

एकदा केली म्हणून यादी विसरून जाऊ नका. स्वस्त वस्तू आधी जातात, हे मी दर घरभरणीला बघते. वेळेवर न बघणारा पाहुणा शेवटच्या दोन दिवसांत येतो आणि त्याच्यापुढे उरलेली असते ती फक्त महागडी वस्तू. बिचारा तोंड पाडून परत तरी जातो, नाहीतर ऐपतीबाहेरचं घेतो. म्हणून समारंभाच्या आठवड्यात दोनतीनदा यादी उघडून बघा आणि खालच्या किमतीच्या आणखी चार वस्तू टाका.

सांगायचं कसं

आमंत्रणावर यादीचा उल्लेख नको. छापील पत्रिकेवर नको, मेसेजखाली लिंक नको, क्यूआर कोड तर नकोच नको. "भेटवस्तूंसाठी येथे स्कॅन करा" हे वाचून माणसाला तिकीटखिडकी आठवते. मोठ्या ग्रुपवरही लिंक टाकू नका. तिथं अशीही माणसं असतात ज्यांना तुम्ही बोलावलेलंच नाही. ज्याला बोलावणं नाही त्याला यादी पाठवणं, याहून वाईट शिष्टाचार मला तरी ठाऊक नाही.

यादी कुणातरी जवळच्या माणसाकडे ठेवा. बहीण, जुनी मैत्रीण, ऑफिसातला सोबती. लोक बहुतेक वेळा तुम्हाला विचारायला लाजतात आणि त्यांनाच विचारतात. त्यांना एकच सूचना द्या, विचारल्याशिवाय द्यायची नाही.

तुम्हालाच थेट विचारलं तर पहिलं उत्तर नेहमी एकच: "अगं, काही नको. तू ये, घर बघ, बस." ते खरं वाटेल असं म्हणा. पुष्कळजण तिथंच थांबतात, थांबू द्या. कुणी पुन्हा विचारलं, "तसं नाही, सांगच, उगाच दोनदोन एकसारखं व्हायला नको," तर मग आढेवेढे घेऊ नका. लिहा: "बरं, एक छोटी यादी करून ठेवलीय, आमच्यासाठीच खरं तर. बघ यातलं काही सोयीचं वाटलं तर. नाहीतर तुझ्या मनाचं काहीही आवडेल." आणि लिंक. तिसऱ्यांदाही "नको नको" करत राहिलात तर तो विनय उरत नाही, समोरच्याला त्रास होतो.

वडीलधाऱ्यांना लिंक पाठवू नका. त्यांनी विचारलं तर तोंडी दोनतीन वस्तू सांगा: "काकू, डबे हवेत, किंवा टॉवेल. यातलं काहीही." आणि काकूंनी ते घेतलं, की यादीतून ती ओळ स्वतः काढा. हे विसरलं की दुहेरी वस्तू येतात.

ऑनलाइन यादी असेल तर ती कोण बघू शकतं हे तपासा. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी यादी खासगी, लिंक असलेल्यांनाच दिसणारी किंवा सगळ्यांना दिसणारी ठेवता येते. मधला पर्याय घ्या. सगळ्यांना दिसणाऱ्या यादीत तुमचं नाव, गाव आणि घरात काय काय येणार आहे, हे सगळं एका जागी सापडतं. पत्ता नव्या घराचा घालायचा असेल तर तिथं पार्सल घ्यायला माणूस असेल त्या तारखेनंतरच घाला. रिकाम्या घराच्या दारात खोकी साठलेली बरी नाहीत.

पैशांचं काय

याविषयी दुकानात सगळ्यात जास्त कुजबुज होते. माझं मत असं की पैसे मागण्यात काही पाप नाही, पण ते कशासाठी आहेत हे सांगता आलं पाहिजे. "पुस्तकांच्या कपाटासाठी" असं लिहिलं की पाहुण्याला कपाट दिसतं. "घरासाठी निधी" लिहिलं की त्याला तुमचा कर्जाचा हप्ता दिसतो. हप्ता पाहुण्यांकडून फेडून घेऊ नये.

कमीत कमी इतके, अशी अट ठेवू नका. कुणी किती दिले हे इतरांना दिसणार नाही, अशी सोय असेल तर ती चालू करा. असे पैसे गोळा करणाऱ्या बऱ्याच सेवा मधे आपलं शुल्क कापतात, ते कुणाच्या खिशातून जातं हे आधी वाचून घ्या. आणि पैसे पुरे जमले नाहीत तर? राहिलेले स्वतः घाला आणि कपाट आणा, किंवा लहान कपाट आणा. पण आणा, आणि दिलेल्यांना त्याचा फोटो पाठवा. त्या पैशांतून भलतंच काही घेतलंत तर ते पुढच्या भेटीत तुमच्या घरात कपाट शोधतील.

आता पाहुण्यांसाठी

यादीतलंच द्यायला हवं का? नाही. यादी ही सोय आहे. पण यादीतली वस्तू घ्यायची ठरवलीत तर यादीतूनच घ्या, म्हणजे ती घेतली गेल्याची नोंद होते. दुसरीकडे स्वस्त मिळाली म्हणून तिकडून घेतलीत तर हरकत नाही, फक्त यादीवर येऊन "घेतली" अशी खूण करा किंवा यजमानांच्या बहिणीला कळवा. माझ्या टेबलावर परत येणाऱ्या दुहेरी वस्तूंमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

किंमत नसलेली पावती मागा. बहुतेक दुकानं भेटीसाठी अशी पावती देतात, तिच्यावर वस्तू बदलून मिळते आणि आकडा दिसत नाही. ती खोक्याच्या आत ठेवा. आणि नावाची चिठ्ठी वेष्टनावर न चिकटवता खोक्यालाच चिकटवा, कारण कागद फाडताना पाकिटं वेगळी होतात आणि मग कुणी काय दिलं याचा पत्ता लागत नाही.

शिडी किंवा टेबलदिवा घेऊन समारंभाला जाऊ नका. त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसते. मोठी वस्तू आधी किंवा नंतर पाठवा आणि नुसतं कार्ड घेऊन या. कार्डात एक ओळ: "शिडी गुरुवारी येतेय, चढताना जपून."

मिळून देताना एकानं पुढाकार घ्यायचा, आकडा आधी सांगायचा, आणि ज्याला जमणार नाही त्याला न विचारता सूट द्यायची. कार्डावर नाव मात्र सगळ्यांचं. कुणी किती घातले त्या क्रमानं नावं लिहिलेली मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका.

बोलावणं आहे पण जाणं जमणार नाही, तर भेट पाठवलीच पाहिजे असं नाही. एक फोन पुरतो. आणि यादी उघडली तेव्हा फक्त महागडंच उरलं असेल तर ती बंद करा. दुकानाचं गिफ्ट कार्ड द्या किंवा रिकाम्या हातानं जा आणि जेवणानंतरची भांडी घासायला उभे राहा. नव्या घरात त्या दिवशी त्याहून मोठी मदत नसते.

त्या दिवशी आणि नंतर

भेटी सगळ्यांसमोर उघडायच्या का? लग्नाआधीच्या काही समारंभांत उघडतात, पण घरभरणीला मी नको म्हणेन. लोक वेगवेगळ्या वेळी येतात, कुणी काहीच आणलेलं नसतं, आणि एकापाठोपाठ एक खोकी उघडायला लागलं की तुलना होतेच. आतल्या खोलीत एक जागा ठरवा, तिथं सगळं ठेवा, दार लोटून घ्या. कुणी अगदी "माझ्यासमोर उघड" म्हणून हट्ट धरला तर त्याची तेवढी बाजूला नेऊन उघडा.

पोस्टानं किंवा कुरियरनं आलेली वस्तू मिळाल्याची पोच त्याच दिवशी द्या. पाठवणाऱ्याला ती पोचली की वाटेत हरवली, हे कळायला दुसरा मार्ग नसतो. बाकीच्यांना दोन आठवड्यांत आभार कळवा. "सुंदर भेटीबद्दल धन्यवाद" हे सगळ्यांना एकदम पाठवण्यापेक्षा वस्तूचं नाव घ्या: "मोजपट्टी पहिल्याच दिवशी लागली, पडद्याचा दांडा तुझ्यामुळे सरळ बसलाय." जे रिकाम्या हातानं आले त्यांनाही आल्याबद्दल लिहा, आणि त्यात भेटीचा शब्दही नको.

दुहेरी आलं तर देणाऱ्याकडे पावती मागू नका. यादीतून घेतलेली असेल तर दुकानाकडे नोंद असते, तुमचं नाव सांगितलं की बहुधा काम होतं. परत करायची मुदत मात्र दुकानागणिक वेगळी असते, आणि ती घरभरणीच्या दिवसापासून मोजतात की खरेदीच्या, हे आधीच विचारून ठेवा. देणाऱ्यानं विचारलं तर खरं सांगा: दोन आले, एक बदलून दिवा आणला, तुझाच म्हणून लावलाय.

शेवटी, समारंभ झाला की यादी मिटवा किंवा खासगी करा. उरलेल्या वस्तूंची कुणालाही आठवण करून देऊ नका. काही दुकानं यादीतलं राहिलेलं सामान यादी करणाऱ्यानं स्वतः घेतलं तर त्यावर सवलत देतात. यादी मिटवली की ती सवलत जाते, तेव्हा मिटवण्याआधी काउंटरवर एकदा विचारा.